मागचं सांगितल्याबिगर वाट न्हाई

आक्काला राक्षस चालायचा. उडता घोडा चालायचा, तोंडातनं जाळ काढनारी बाई चालायची. पन भाकर कुठनं आली ते सांगितल्याबिगर तिला चालायचं न्हाई. खेळात तुमी म्हनलात, मी सात डोंगरापल्याड ढगात ऱ्हाते, तर ती नुसती मान हालवायची. म्हनलात, तिथं रोज सकाळी भाकर खाते, की लगीच इचारायची, ज्वारी कुनाच्या रानातली? दळतं कोन? जातं सोताचं का शेजारनीचं? उत्तर अडलं की हातातली हातोडी खाली ठिवायची आन् म्हनायची, "पटलं न्हाई."

जेवढ्या डाव मी तिच्या तोंडून हे ऐकलं, तेवढ्या डाव मला कुनी नावानं हाक बी मारली नसंल.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट हाय. आमचं गाव मुखेडाकडचं. एका साली पेरलं ते उगवलं न्हाई, दुसऱ्या साली पेरायला घरात काय उरलं न्हाई. बैलं गेली, म्हस गेली. माझं लगीन ठरल्यालं, ते बी लांबलं. लातुराजवळच्या मुरुडाला माझा मामा व्हता, त्याच्या वळखीनं बाप मला घिऊन तिकडच्या रस्त्याच्या कामावर आला. बाप माती उकरायला, मी खडी फोडायला. सतरा-अठराची आसन तवा.

खडी फोडायचं काम असं असतंय. बाया रांगेनं बसायच्या. म्होरं दगडाचा ढीग, चिंध्या गुंडाळल्याली एक चुंबळ, तिच्यात दगड धरायचा आन् हातोडी हानायची. चिपरी उडून डोळ्यात जायची. दुपारी मुकादम शिट्टी फुकायचा, मंग भाजल्या पिठाची सरकारी सुकडी मिळायची, टँकरचं पानी मिळायचं, आन् बाभळीच्या सावलीत टेकायचं. उन्हं उतरस्तोवर हातोडी धरवत नव्हती, आक्काच्या हातात तेवढी असायची. त्या येळेला आक्काचा खेळ चालायचा.

तिचं खरं नाव मला आजवर ठावं न्हाई. निलंग्याच्या पल्याडची, कानडी मुलखाच्या कडंची. उंच, हाडकुळी. कपाळाला इभूत, गळ्यात कापडात बांधल्यालं शिवाचं लिंग. इभूत भरून लावायची, त्यामुळं बाई सवाष्न हाय का रांडाव ते कळायचं न्हाई, आन् इचारायची कुनाची छाती व्हायची न्हाई. रस्त्याकडं पाठ करून कधी बसली न्हाई. आमी सावली बघून बसायचो, ती रस्ता बघून बसायची, मंग तोंडावर ऊन आलं तरी हालायची न्हाई. आन् लई राग आला की मराठी सोडून "इल्ला" म्हनायची, म्हंजी न्हाई. तेवढं एक कानडी आमाला बी यायला लागलं.

खेळाला आमी वाटंचा खेळ म्हनायचो. तिच्या पदराच्या गाठीला चार कवड्या व्हत्या. खेळ असा, की सात डोंगराच्या पल्याड एक हीर हाय, कधी आटत न्हाई, आन् तिच्या काठावर राक्षस बसलाय. आपन सगळ्या मिळून तिकडं निघालो. प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं. कुनी जादूगारीन, कुनी शिपाईन, कुनी चोरटी. आक्का वाट सांगायची. आता नदी आली, आता वाघ आला, आता म्हातारा आडवा बसलाय आन् उठंना. आपन काय करनार ते आपन सांगायचं, मंग कवड्या टाकायच्या. उतान्या जास्ती पडल्या तर जमलं, पालथ्या पडल्या तर बसलो.

पन कवड्या हातात मिळायच्या आदी सोंगाचं मागचं सांगावं लागायचं. कुठली, कुनाची, काय खाल्लं, कुनी मारलं, घर का सोडलं. ते आक्काला पटलं तर तुमी वाटंला लागलात. न पटलं तर बाकीच्या डोंगर चढायच्या आन् तुमी बाभळीखाली बसून त्यांच्याकडं बघायचं.

मी पयल्याच दिशी म्हनले, मी उडनारी बाई.

"उड की," आक्का म्हनली. "पन उडायच्या आदी काय करत व्हतीस?"

मी म्हनले, काय न्हाई, मी ढगातच जल्मले.

"ढगात? मंग दाई कोन व्हती? नाळ कुठं पुरली?"

सगळ्या बाया फिदीफिदी हासल्या. दुसऱ्या दिशी मी दाई जमवून आनली, एक घार दाई केली. आक्का माझा हात हातात घिऊन बघायला लागली. म्हनली, ढगातल्या बाईच्या हाताला घट्टे कशाचे? पटलं न्हाई. तिसऱ्या दिशी मी रडायलाच आले. येवढ्या बाया, येवढ्या अडानी, कुनी पटकीची देवी झाली तरी पटली, आन् माझंच का पटंना? मी रागानं म्हनले, मला काय सुचत न्हाई, मी आपली पाखरं राखनारी पोरगी हाय.

आक्का म्हनली, "हां. ते सांग."

मंग मी खरंच सांगितलं. ज्वारी हुरड्यात आली की बाप मला माळ्यावर बसवायचा. चार लाकडावरचा माळा, हातात गोफन. बाप म्हनायचा, दिस बुडस्तोवर खाली उतरायचं न्हाई. पाखरांचं थवंच्या थवं यायचं, मी गोफन मारायचे, ती उडायची. मला वाटायचं, मी हितं बांधल्यावानी बसले आन् ही कुठंबी जात्यात. आन् एका साली बापानं माळ्यावर बसवलं, पन ज्वारी आलीच न्हाई. पाखरं बी आली न्हाईत. बाप मला खाली उतर म्हनायला इसरला. मी बसून बसून ऱ्हायले, आन् मंग पाठीला खाज सुटली, आन् पंख फुटले.

खरं तर बाप इसरला नव्हता. तेवढं माझं मनाचं. पन बाया हासायच्या थांबल्या. आक्कानं कवड्या माझ्या हातात ठिवल्या.

तिथनं म्होरं मी उडले. बाभळीखाली बसून मी दोन डोंगर उडून गेले, आन् भूक लागल्याची याद ऱ्हायची न्हाई. आता वय झालं, लई काय काय इसरले, पन वरनं दिसल्यालं ते रान मला अजून दिसतंय. नसल्याली गोष्ट येवढी याद ऱ्हाती, ह्याचं नवल वाटतं.

मुकादमाला बी खेळाचं येड लागलं व्हतं. आदी तो लांब हुबा ऱ्हाऊन ऐकायचा, मंग जवळ बसायला लागला. एक दिस मिशीला पीळ दिऊन म्हनला, मी राजा व्हतो.

"कुनाचा पोरगा?" आक्कानं इचारलं.

"राजाचाच."

"मंग हितं शिट्टी का फुकतोस?"

बायांनी तोंडाला पदर लावला. मुकादम म्हनला, दुष्मनानं राज्य घेतलं. आक्का म्हनली, कोनता दुष्मन, कुठल्या येशीतनं आला, तू तवा कुठं व्हतास? तो म्हनला, जेवत व्हतो. "राजा जेवत व्हता आन् येस पडली. आसं सांगायला बरं वाटतंय का बाबा तुला?" मुकादम आठ दिस राजा व्हायला बघत व्हता. नवव्या दिशी त्यानं सांगितलं, की त्याच्या बापाचा टांगा व्हता मुरुडात, आन् घोडा चाऱ्याबिगर मेला, आन् तो मरत व्हता तवा ह्यानं त्याच्या डोळ्यावर झापड बांधली, ह्याला ते डोळे बघवंनात म्हनून. ते त्याचं मागचं झालं. तो घोडा गेल्याला टांगेवाला म्हनून आमच्यासंगं वाटंला लागला. तवापासनं दुपारची सुट्टी संपल्याची शिट्टी उशिरानं वाजायला लागली, कारन त्याची पाळी शेवटाला असायची.

एकच गोष्ट आक्का खेळात होऊ द्यायची न्हाई. कुनाचा नवरा मारू द्यायची न्हाई. माझ्या शेजारी औश्याकडची एक बाई बसायची, लई बोलकी. तिनं शिपाईन घेतली आन् मागचं सांगितलं, की नवरा लढाईत मेला म्हनून मी तलवार उचलली. आमाला सगळ्यांला लई आवडलं. आक्कानं हातोडी खाली ठिवली.

"मेला? कुनी बघितलं?"

ती म्हनली, सांगावा आला. सांगावा कुनी आनला? दुसऱ्या शिपायानं. त्यानं सोता बघितलं का त्याला बी कुनी सांगितलं? मढं कुठं गेलं? असं करत करत आक्कानं तिला पार दमवली. शेवटाला ती बाई म्हनली, "आगं आक्का, खोटा नवरा हाय, मरू दे की."

बाया पोट धरून हासल्या. आक्का हासली न्हाई. म्हनली, घोडं रिकामं आलं, येवढंच सांग. त्याच्या म्होरलं तुला ठावं न्हाई. ती बाई बी मंग तेवढंच सांगून वाटंला लागली. त्या दिशी कुनीतरी आक्कालाच इचारलं, की तुजं मागचं काय? ती म्हनली, मी खेळत न्हाई, मी खेळवते. आन् हातोडी उचलली.

पाऊस पडला तसं काम मोडलं. चार डोंगर झालते, तीन ऱ्हायले. ज्या त्या आपापल्या गावाला पांगल्या. आक्का कुठल्या गाडीत बसली ते बी मी बघितलं न्हाई.

माझं लगीन झालं. लेकरू झालं न्हाई. दहा-एक सालानं नवरा गेला, भावकीनं रान घेतलं, मी लातूरला डाळीच्या मिलमधी निवडाईला लागले. त्याच टायमाला लातूर नवा जिल्हा झाला. बँड वाजले, पाट्या बदलल्या. मला काय, मी तूरडाळीतले खडे येचत व्हते. जल्मभर दगडच माझ्या नशिबाला, एवढंच की हे बारीक व्हते.

एक दिस मोंढ्यात पोती उतरताना सांडल्याली हरभऱ्याची डाळ एक म्हातारी झाडून गोळा करत व्हती. हमाल तिला हाकलून ऱ्हायला व्हता, आन् ती त्यालाच इचारत व्हती, तू कुठला, तुझी माय कुठली. मी आवाजावरनं वळखलं. डोळ्यानं तिला कमी दिसत व्हतं. मी जवळ जाऊन म्हनले, मी उडनारी. तिनं माझा हात चाचपून बघितला, आन् म्हनली, "उतरलीस व्हय खाली?"

मी तिला खोलीवर आनली. तो महिना-दीड महिना मी अजून पुरवून पुरवून आठवते. संध्याकाळी मिलमधनं यायचे तर खोलीत दिवा लागल्याला असायचा. ती शेजाऱ्यापाजाऱ्याचं सगळ्यांचं मागचं काढून बसल्याली असायची. कोन कुठनं आलं, कुनाचं सासूशी पटत न्हाई, समदं मला जेवताना सांगायची. माझ्या नवऱ्यानं जिंदगीत माझ्यासंगं येवढं बोलनं केलं नव्हतं. पन रोज भाकर मोडायच्या आदी तिचा हात थांबायचा. एक दिस म्हनली, तुझ्या एकटीच्या कष्टाचं मला गिळवत न्हाई. सासरच्या गावी पुतन्या हाय, गोठ्याच्या कडंला जागा देतो, तिकडं जाते. सरकारात नाव लागलं, निराधाराचे पैसे मिळायला लागले, तर तुझ्यापशी ऱ्हाईन.

लोक सांगायचे, नवा जिल्हा हाय, नव्या याद्या करून ऱ्हायले, आत्ताच नाव घाला. पन रांडाव असल्याचा पुरावा लागायचा. कागद नसंल तर साक्षीदार तरी. मी इचारलं, तवा तिनं पयल्यांदा सांगितलं. रझाकाराच्या साली तिचा मालक बैल इकायला बीदरच्या बाजाराला गेला. बैलाचं पैसं बी आलं न्हाईत, मालक बी आला न्हाई. मढं कुनी बघितलं न्हाई. लोक म्हनले, बांगड्या फोड. तिनं फोडल्या न्हाईत, आपल्या आपन फुटल्या तशा फुटू दिल्या, आन् नव्या भरल्या न्हाईत.

मी म्हनले, आक्का, साक्षीदार मी व्हईन. तो आपल्या खडीच्या कामावर आला आन् तिथं मेला, असं सांगते. मागचं कसं जुळवायचं ते तूच मला शिकवलंस. तेवढं एकदा ऐकून घे, कुठं अडतं का बघ.

तिनं दोन्ही कानात बोटं घातली. "तिथं सांग काय सांगायचं ते," म्हनली. "मला ऐकवू नगं."

मी दोन दिस डाळ निवडता निवडता गोष्ट जुळवली.

कचेरी नवीकोरी. चुन्याचा वास येत व्हता. जुन्या जिल्ह्याची, उस्मानाबादेहून आल्याली कागदं पोत्यात बांधून भिंतीला लावून ठिवल्याली. साहेब चांगला व्हता. त्यानं आक्काला खुर्ची दिली. मला म्हनला, मावशी, तुम्ही काय पाहिलं ते सांगा.

मी सांगितलं. भर दुपारी आमी बाभळीखाली बसलो व्हतो. बीदरच्या अंगानं एक मानूस चालत आला. दाढी वाढल्याली, टाचा फुटल्याल्या. रांगेनं एकेकीचं तोंड बघत बघत आक्काम्होरं येऊन थांबला. हैद्राबादला तुरुंगात व्हता म्हनला, सुटल्यावर बैल गेला म्हनून लाजंनं घरी आला न्हाई, दगडाच्या खानीत ऱ्हायला. आक्कानं तिची सुकडी त्याला दिली. तीन दिस तापानं फनफनला आन् गेला. आमी बायांनी लाकडं गोळा केली, मुकादमानं टँकरवाल्याकडनं राकेल मागून घेतलं, नाल्याच्या काठाला जाळलं. राख उडून खडीवर बसत व्हती, दुसऱ्या दिशी आमी तीच खडी फोडली.

राखंचं सांगताना मला माझाच अभिमान वाटला.

साहेबाचा पेन थांबला. "जाळलं?"

मी म्हनले, व्हय, माझ्या डोळ्यानं बघितलं.

त्यानं आक्काच्या गळ्यातल्या लिंगाकडं बघितलं. मंग माझ्याकडं. तवा मला त्याच्या सोताच्या कपाळाची इभूत दिसली. तो हळूच म्हनला, "मावशी, आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात."

बाप जळताना बघितला, नवरा जळताना बघितला, मला मेल्याला मानूस म्हनलं की लाकडंच दिसायची. इतके दिस तिच्या कडंला बसले, तिच्या गळ्यातलं लिंग रोज बघितलं, आन् हे मला सुचलं न्हाई. तिनं एकदा ऐकलं असतं तर पयल्या झटक्याला धरलं असतं. सगळ्या जगाच्या गोष्टी तपासनाऱ्या बाईनं हीच एक तपासली न्हाई.

साहेब मनाचा लई मोठा. त्यानं कागद बाजूला सारला न्हाई. आक्काकडं वाकून म्हनला, "आजी, ह्या मावशी घाबरून चुकून बोलल्या असतील. पुरलं ना? तुम्ही तेवढं हो म्हणा, मी लिहितो."

एक 'व्हय' पायजे व्हतं. मी मनात बसवेश्वराला, खंडोबाला, सगळ्यांला हात जोडले.

आक्का साहेबाकडं बघत नव्हती. मी सांगायला लागले तवापासनं ती माझ्याच तोंडाकडं बघून ऱ्हायली व्हती. तिनं मला इचारलं, "सुकडी खाल्ली त्यानं?"

मी म्हनले, खाल्ली.

"समदी?"

"समदी."

मंग ती साहेबाकडं वळली. "न्हाई साहेब. पुरलं बी न्हाई, जाळलं बी न्हाई. तो अजून आला न्हाई."

साहेबानं समजावून बघितलं. म्हनला, आजी, मग मला 'पती हयात' असं लिहावं लागेल. नाव लागायचं नाही. कोर्टातून काही करता येतं, पण तिथं तो मेला असं तुम्हालाच म्हणावं लागेल.

"लिवा तुमी," ती म्हनली. "हयातच लिवा."

त्यानं लिवलं. तिचा अंगठा घेतला. तिनं वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं, अर्जदार विवाहित, पती हयात. ती म्हनली, परत एकदा. त्यानं परत वाचलं. मागं रांगेतली मानसं कुरकुर करायला लागली. ती म्हनली, आजून एकदा. तिसऱ्या डाव त्यानं लगीनपत्रिका वाचावी तसं सावकाश, तिच्या आन् तिच्या मालकाच्या नावासकट वाचलं. येवढ्या सालांत तिचं नाव मी त्या येळेला ऐकलं असतं, पन मी रडत व्हते, माझ्या कानात काय शिरलं न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी मी मिलला गेले न्हाई. स्टँडवर तिला म्हनले, आक्का, नाव लागलं न्हाई तर न्हाई लागलं, ऱ्हा की गं. ती गाडीत चढून खिडकीला बसली. म्हनली, "आता सरकारनं बी लिवलं. तो आला तर घरी कुनीतरी नगं का?"

माझ्या बी घरी कुनी नव्हतं. खिडकीतनं तिच्या वटीत चार केळी टाकली, आन् गाडी औश्याच्या रस्त्याला लागस्तोवर हुबी ऱ्हायले.